बेताच्या मुलीचं काम कोण करणार?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एकांकिका बसवली. नायिका 'दिसायला बेताची', तिचं लग्न ठरत नाही, एवढीच गोष्ट. भूमिका मिळाली आमच्या बॅचमधल्या सगळ्यांत देखण्या मुलीला. तेल लावून चापून वेणी, जाड काड्यांचा चश्मा, झाली बेताची! मी प्रॉम्प्टिंगला. "लोकांनी चाळीस मिनिटं बघायला पाहिजे ना," दिग्दर्शक म्हणाला. म्हणजे बेताच्या मुलीचं काम करायलाही माझं दिसणं कमीच पडलं.

हे आठवलं ते चेकॉवचं 'अंकल वान्या' वाचताना. त्यातली सोनिया मामाबरोबर शेतीवाडीचा सगळा कारभार ओढते आणि सहा वर्षं डॉक्टर आस्त्रोववर मनातल्या मनात प्रेम करते. चर्चमधून बाहेर पडताना तिच्या कानावर पडतं, पोरगी गुणी आहे, पण दिसायला चांगली नाही. पुढच्या अंकात ती हेच सावत्र आई येलेनाजवळ बोलते, तर सुंदर येलेना तिच्या केसांचं कौतुक करते. रूप नसलं की लोक केसांचं नाहीतर डोळ्यांचं कौतुक करतात, हे सोनियाला पक्कं ठाऊक आहे. कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आलेल्या कुठल्याही मुलीला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

आता इथे देखणी नटी उभी करा. तीच वाक्यं 'नाही गं, छान दिसतेस तू' हे ऐकण्यासाठी टाकलेल्या गळासारखी वाटतात. आपणही सुटतो, डॉक्टरच आंधळा म्हणून मोकळे होतो. पण आस्त्रोव आंधळा नाही. आपल्याला अजून हलवतं ते सौंदर्य, असं तो चक्क सोनियालाच सांगतो. चांगुलपणा आणि कष्ट यांच्या बदल्यात प्रेम मिळेलच असं नाही, हे या नाटकातलं कडू सत्य. मेकअप उतरवला की सुंदर दिसणारी सोनिया ते गोड करून टाकते.

यावर ठरलेलं उत्तर असतं, अभिनय म्हणजेच आपण नसलेलं कुणीतरी होणं. मान्य. मग उलट का होत नाही? साध्या चेहऱ्याच्या नटीला येलेना कोण देतं? रस्ता एकाच बाजूने वाहत असेल, तर त्याला अभिनयाचं स्वातंत्र्य कसं म्हणायचं?

दोन्ही बाजूंनी वाहणारा रस्ताही असू शकतो. लंडनमध्ये २०२३ साली अँड्र्यू स्कॉटने 'वान्या' एकट्याने केलं. सोनिया तोच, तिची सुंदर सावत्र आईही तोच, विग नाही की साडी-झगा नाही. चेहरा एकच असल्यामुळे कोण देखणी आणि कोण बेताची, हे इतरांच्या नजरेतच ठरतं. त्याच्या सोनियावर विश्वास बसतो, कारण तिथे कुणी सौंदर्य लपवून ठेवलेलं नसतं.

आमच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही. नायिका दोनदा वाक्यं विसरली, मी विंगेतून सांगितली. ती वाक्यं मला आजही पाठ आहेत.