वामनदादांचं शेवटचं कडवं

स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या कवीवर संशोधन करायचं ठरवलंत, तर पहिला प्रश्न हाच येतो: हे गाणं त्याचंच, कशावरून? वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्याबाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मुंबईत कष्टाची कामं करत वाढले. अक्षरओळख मोठेपणी झाली. 1943पासून गाणी रचली आणि आंबेडकरी विचार गावोगाव गात नेला. ‘वाटचाल’ (1973), ‘मोहोळ’ (1976) असे संग्रह निघाले खरे, पण बरीच गाणी जगली ती गायकांच्या तोंडी.

त्यांच्याच वयाचा फ्रान्समधला जॉर्ज ब्रासाँस (1921–1981) बघा. त्याच्या स्वतःच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका आहेत. 1967मध्ये फ्रेंच अकादमीनं त्याला कवितेचा पुरस्कारही दिला. त्याच्या अभ्यासकाला पक्की संहिता आयती मिळते. आपल्याला ती शोधावी लागते.

मग आधार कशाचा? शेवटच्या कडव्याचा. ‘तुका म्हणे’सारखी ‘वामन’ ही नाममुद्रा बहुधा तिथे गुंफलेली असते. गोची अशी, की वेळ कमी पडला की गाणारा नेमकं तेच कडवं गाळतो. गाणं उरतं, कवी गळतो. शिवाय मुद्रा दिसली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. संतांच्या नावावर इतरांच्या रचना चढल्याच आहेत की! म्हणून ‘हजारो गाणी’ हा आकडा प्रबंधात लिहिण्याआधी एकेक गाणं तपासा.

चालींवरून होणारी टीका मात्र मला पटत नाही. लोकगीताची किंवा सिनेमाची चाल घेतली म्हणजे प्रतिभा कमी, हा निकष इथे लागू पडत नाही. चाल आधीच कानात असली की ऐकणारा लगेच सोबत गातो. नवे असतात ते शब्द, आणि लक्ष तिकडेच जातं. या पद्धतीची किंमतही आहे: मात्रा जुळवताना काही ठिकाणी भरीचे शब्द येतात. तेही नोंदवा. आदरापोटी समीक्षा सोडू नका.

येत्या 14 एप्रिलला आपल्या मीरा-भाईंदरमध्ये भीमगीतं ऐकायला गेलात तर वही सोबत ठेवा. चाल कुठली, कडवी किती, मुद्रा आली का, निवेदकानं कवीचं नाव घेतलं का, एवढं टिपा. ज्यांना ही गाणी पूर्ण पाठ आहेत ती माणसं आता थकत चालली आहेत. त्यांच्याकडून शेवटचं कडवं आधी लिहून घ्या. संदर्भग्रंथ नंतरही वाचता येतील.