‘माझा प्रवास’ : वाट आणि निवेदन

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे अभ्यासक बहुधा १८५७ च्या उठावाचे साधन म्हणूनच पाहतात. झाशीचा वेढा वाचला, की वाट विसरली जाते. वास्तविक या ग्रंथाची रचना वाटेनेच ठरविली आहे. वरसईहून द्रव्यार्जनासाठी निघालेला हा भिक्षुक सातपुडा ओलांडून पायी उत्तरेस जातो. पुढचा मुक्काम एवढेच त्याचे क्षितिज. महूच्या वाटेवर शिपायांकडून बंडाची वार्ता कळते, तेव्हा पुढील अनर्थ वाचकास ठाऊक असतो, त्या वाटसरूस नसतो. १८८३ मध्ये, सारा शेवट जाणून लिहितानाही निवेदकाने पायांची गती सोडली नाही, हे त्याचे खरे सामर्थ्य होय.

चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करताना मूळ मजकुरात फेरफार केले. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रकाशात आणली. निवेदनाच्या गतीचा विचार करावयाचा, तर हीच संहिता प्रमाण मानावी लागेल. प्रवासाची सांगता गंगेची कावड घरी आणून मातापित्यांस स्नान घालण्यात होते. ती कावड ज्या चालीने आली, त्याच चालीने हा ग्रंथ वाचला पाहिजे.