अनंताचा दुसरा दिवस

अनंताचे कौतुक बहुतेक जण पहिल्या दिवशी करतात आणि तिथेच थांबतात. शुभ्र फूल दिसले, वास घेतला, देवाला वाहिले किंवा अंबाड्यात खोवले. दुसऱ्या दिवशी त्याच पाकळ्यांवर सायीचा रंग चढतो, पुढे त्या पिवळट होतात, आणि शिळे म्हणून फूल निर्माल्यात जाते. मला मात्र अनंत दुसऱ्या दिवशीच पुरता भेटतो. पहिल्या दिवशीच्या वासात थोडा हिरवा, ओलसर कच्चेपणा असतो. दुसऱ्या दिवशी तो निवतो, गोडवा दाट होतो, आणि दुधाळ असे काहीतरी त्यात उतरते. अत्तरवाल्यांना या फुलाचा नैसर्गिक अर्क जवळजवळ मिळतच नाही. बाटलीतला ‘गार्डेनिया’, म्हणजे इंग्रजीतला अनंत, बहुधा इतर द्रव्ये जुळवून रचलेला असतो. अनंताचा वास घ्यायचा तर झुडपापाशीच जावे लागते.

आणि जावे ते फुलाच्या आधी, कळी असतानाच. कंगोरेदार हिरव्या पुष्पकोशातून निमुळती कळी वर येते, तिच्या अंगावर तिरका पीळ असतो. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी तिच्या खाली, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. उमलण्याच्या आदल्या दिवशी हिरव्या-पांढऱ्या रेषा त्या पिळावरून चढत जातात. हे पाहून झाले की फूल उमलणे म्हणजे पीळ सुटणे, एवढेच. एकेरी अनंतात उघडलेल्या पाच-सहा पाकळ्यांतही तो पीळ ओळखू येतो. डबल अनंतात पुंकेसरांच्याही पाकळ्या झालेल्या असतात, त्या गर्दीत तो हरवतो. बाजारात मान डबलला आहे. माझे मत एकेरीला. शिवाय फळ धरते ते एकेरीच. हे झुडूप मूळचे चीन-जपानकडचे, आणि तिथे या नारिंगी फळांचा पिवळा रंग कापडाला आणि खाण्याला वापरत आले आहेत. त्यातले क्रोसिन हेच केशरातलेही रंगद्रव्य.

आता मातीकडे. अनंताला आम्ल माती लागते, सामू साधारण 5 ते 6. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या लाल मातीत, धो धो पावसात, परसातला अनंत काही न मागता पुरुषभर वाढतो आणि उन्हाळा सरताना पांढरा होऊन जातो. तेच रोप घाट चढून देशावर आणले की काही महिन्यांत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस-भुईमूगवाले शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. काळ्या मातीत लोह नसते असे नाही, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. बोअरचे जड पाणी रोज त्यात आणखी चुना घालते. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर असेल तर घाबरू नये, ती गळायचीच. नव्या पानांवर दिसला तर मात्र मुळाशी बघायला हवे.

अनेक जण लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) आणून टाकतात. चुनखडीच्या जमिनीत ते लोह लगेच अडकून पडते, चिलेटेड लोह थोडे अधिक टिकते. पण देशावरच्या माणसाने मुळात जमिनीशी झगडू नये. मोठी कुंडी घ्यावी, त्यात लाल माती आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरावे, पावसाचे पाणी साठवता येईल तितके साठवून तेच द्यावे. सकाळचे ऊन, दुपारची सावली. कळ्या धरल्या की कुंडी हलवू नये आणि माती एकदा सुकवून एकदम भिजवू नये. या झुडपाला सातत्य लागते. ते चुकले की तो सुंदर पीळ न उघडताच गळून पडतो, आणि ते पाहणे फार जिवाला लागते. पिठ्या ढेकूण आले, पानांवर काजळी धरली, तर पाने पुसून निमतेल फवारावे.

अनंताच्या कुळातली काही भावंडे आपल्या रानातही आहेत. बाळाला दात येताना घरोघर ज्या डिकेमालीची आठवण निघायची, तो उग्र वासाचा डिंक गार्डेनियाच्याच रानटी जातींच्या कोंबांवरून मिळतो. परसातल्या अनंताच्या वासाशी त्याचे काही नाते असेल असे नाकाला अजिबात पटत नाही.

फूल तोडताना बोट पाकळीला लावू नये, लागले तिथे तपकिरी डाग उमटतो. देठ दोन पानांसकट कापून पाण्यात ठेवावा. बहर ओसरल्यावर लगेच हलकी छाटणी करावी. उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. छाटलेल्या अर्धवट जून फांद्या पावसाळी हवेत वाळूमिश्रित मातीत खोचल्या की मुळे धरतात. त्यातली दोन रोपे शेजारी द्यावीत, आणि देताना विहीर आहे की बोअर, हे आधी विचारून घ्यावे.