एंगल्सचं मँचेस्टर आणि उसना भूतकाळ

औद्योगिक क्रांतीतल्या कामगारांवर प्रबंध करायचा म्हटलं, की गाइड हमखास एक पुस्तक सुचवतात: फ्रेडरिक एंगल्सचं, इंग्लंडमधल्या कामगार वर्गाच्या स्थितीवरचं. १८४५ साली लाइपझिगला हे जर्मनमध्ये छापलं, तेव्हा एंगल्स २४ वर्षांचा होता. साधारण आपल्याच वयाचा. पुस्तक वाचाच, पण थोडं सावधपणे.

त्याची ताकद मँचेस्टरच्या वर्णनात आहे. १८४२ ते १८४४ तो तिथे, वडिलांची भागीदारी असलेल्या सूतगिरणीच्या कचेरीत होता. कामगारांच्या वस्त्या त्याने स्वतः फिरून पाहिल्या. त्याचं एक निरीक्षण फार मोलाचं आहे. मोठ्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दुकानांची रांग, आणि तिच्यामागे कोंदट घरं, ओल धरलेली तळघरं. मालक बंगल्यातून कचेरीत रोज ये-जा करायचा, तरी यातलं काही त्याच्या नजरेला पडायचं नाही. शहराची रचनाच दारिद्र्य कसं झाकते, ते इथे कळतं. नुसत्या वर्णनाच्या पुढे जाणं म्हणतात ते हे.

आता कच्चा दुवा. सुरुवातीलाच कारखान्यांआधीचे विणकर येतात: घरी काम, हाताशी वेळ, थोडी जमीन, सुदृढ मुलं. हे चित्र बरंचसं पीटर गॅस्केल या डॉक्टरच्या १८३३ च्या पुस्तकावरून आलंय, आणि गॅस्केल कारखानदारीचा टीकाकार होता. त्या जगण्यात बौद्धिक मरगळ होती हे एंगल्स सांगतो, ते खरं. पण त्यातलं सुख मात्र तो तपासत नाही. घरच्या मागावरही पोरं राबायची, आणि व्यापारी देईल त्या दरावर पोट असायचं, हे मागेच राहतं.

याने बिघडतं काय? ‘स्थिती खालावली’ हे तुलनेचं विधान आहे. ‘नंतर’चा पुरावा कितीही भक्कम असो, ‘आधी’ उसना असेल तर विरोधक नेमकं तिथे बोट ठेवतात, आणि मग कामगारांच्या खऱ्या हालांवरही संशय घेतला जातो.

मुंबईच्या गिरणगावावर लिहितानाही हीच चूक होते. पहिल्या प्रकरणात कोकणातलं सुखी गाव, दुसऱ्यात चाळ. गाव एवढं सुखी होतं, तर माणसं गिरणीत आली कशाला? शिवाय गाव सुटलंही नव्हतं. पगारातले पैसे तिकडे जायचे, अनेकांची बायकामुलं तिथेच असायची.

म्हणून आराखडा करताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आखा, आणि प्रत्येक विधानापुढे त्याचा पुरावा लिहा. डावा रकाना रिकामा राहिला, तर तुलना सोडून द्या. जे नीट दाखवता येतंय तेवढंच दाखवा.