बाग कागदावरची आणि अंगणातली

नव्या घराभोवती अर्धा-पाऊण गुंठा मोकळी जागा उरली, की आपण आधी बागेवरचे एखादे पुस्तक आणतो. मराठीत अशी पुस्तके बरीच आहेत. कलम कसे बांधावे, मावा कसा ओळखावा, कुंडीत काय भरावे, ही माहिती त्यांत चांगली असते. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. ती 'बागेचा आराखडा' या प्रकरणाबद्दल आहे. बहुधा दोन-तीन पानांचे हे प्रकरण काही चौकोन, वर्तुळे आणि झाडांची यादी देऊन संपते. आराखडा कशाच्या आधारे करायचा, हे त्यात नसते.

माझाच अनुभव सांगतो. पुण्यातील घराच्या अंगणाचा आराखडा मी मे महिन्यात काढला. दक्षिणेला शेजारची सात मीटर उंचीची लांबलचक इमारत आहे. तिच्या भिंतीपासून तीन मीटरवर मी भाजीचे वाफे आखले. 'भाजीपाल्यास भरपूर सूर्यप्रकाश हवा' हे पुस्तकातले वाक्य मी पाळले होते, कारण मे महिन्यात तिथे दिवसभर ऊन होते. ऑक्टोबरात टोमॅटो लावले. डिसेंबरात रोपे काटकुळी आणि फुले बोटावर मोजण्याइतकी. "तुझ्या हाताला गुणच नाही," आई म्हणाली.

हाताच्या गुणाचा इथे काही संबंध नव्हता. पुणे साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला तिथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. २२ डिसेंबरला तोच सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. सात मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी सुमारे सव्वासहा मीटर पडते. हिशेब केल्यावर कळले, की ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात सावली माझ्या वाफ्यांना टेकली होती आणि मार्चपर्यंत ती हटणार नव्हती. म्हणजे हिवाळी भाज्यांचा सगळा हंगाम सावलीत! पुस्तकातील वाक्य खरे होते, पण 'कोणत्या महिन्यातला सूर्यप्रकाश?' हा प्रश्न त्याने विचारला नव्हता.

काही सल्ले तर दुसऱ्याच अक्षांशावरचे वाटतात. 'दक्षिणेकडील भिंत उन्हाची, उत्तरेकडील कायम सावलीची' हे लंडनला ठीक आहे. तिथे डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि जूनमध्येही तो दक्षिणेलाच असतो. पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या भिंतीलगत विश्वासाने लावलेले नेचे मे महिन्यात करपतात ते यामुळेच.

पाण्याचेही असेच. 'नियमित पाणी द्यावे' यात प्रमाण कुठे आहे? दख्खनच्या पठारावर कडक उन्हाळ्यात जमीन आणि पाने मिळून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी हवेत जाते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तेव्हा आराखड्यात हौसेने दाखवलेली ५० चौरस मीटरची हिरवळ रोज ३०० लिटर पाणी पिणार. शहरी पाणीपुरवठ्याचे दरडोई प्रमाण १३५ लिटर धरतात. हिरवळ म्हणजे घरात आलेली दोन जास्तीची माणसेच. हे आधी कळले, तर किती जण ती लावतील?

झाडांची वर्तुळेही फसवी असतात. आंब्याचे वर्तुळ कागदावर जास्वंदीएवढेच दिसते. प्रत्यक्षात आंब्याच्या दोन झाडांत पारंपरिक पद्धतीने १० मीटर अंतर ठेवतात, नारळात साडेसात. आणि नव्या घराभोवतीची 'माती' बहुधा पायातून निघालेला मुरूम आणि सिमेंट-चुन्याचा राडारोडा असतो. चुन्याने माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. मग आपण खत वाढवत राहतो.

या प्रकरणात मग काय असावे? यादीच्या आधी तीन मोजमापे. एक मीटरची काठी अंगणात उभी करून मध्यान्हीची सावली मोजावी. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, तर सावली सर्वांत आखूड असते ती वेळ; पुण्यात ती साडेबाराच्या सुमारास येते. पुण्यात ही सावली २१ मार्चला ३३ सेंटिमीटर, २२ डिसेंबरला ९० सेंटिमीटर भरते. वर्षभर थांबायची गरज नाही. अक्षांश आणि दहावीच्या त्रिकोणमितीतले टॅन गुणोत्तर पुरते. दुसरे, फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून तो किती वेळात रिकामा होतो ते पाहावे. तासन्‌तास पाणी तसेच राहिले, तर मुळे गुदमरणार. तिसरे, घरात रोज किती बादल्या पाणी बागेसाठी उरते ते मोजावे. झाडे त्यानंतर निवडावीत.

गणिताचे अध्यापक असलेल्या श्रीपाद दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना हेच सांगितले: स्वतः प्रयोग करा, नोंदी ठेवा. शाळेची बाग करताना आपण मुलांना खड्डे खणायला लावतो, पण जागा कोणती हे आपणच ठरवून टाकतो. खरा विज्ञानाचा भाग तिथेच हातचा जातो. रोप मेले, की मूल समजते, आपल्याला हे जमत नाही. काठीची सावली मोजलेले मूल मात्र विचारेल, 'सर, जागा चुकली का?'

मी वाफे चार मीटर उत्तरेला सरकवले. जुन्या जागी आता अळू आणि हळद आहे. टोमॅटो बरे येतात. आई अजूनही म्हणते, की हाताला गुण आला.