पातीवरची कंबर कुणी लिहायची?

अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याकडून राजूरला माणसांची रीघ लागते. वीस-पंचवीस किलोमीटर, कित्येकजण अनवाणी. सकाळी पायाला फोड असतात आणि त्या फोडांना मान असतो. त्याच शिवारात रोजानं निंदायला जाणाऱ्या बाईच्या टाचेला बोट जाईल एवढी भेग असते. छापील मराठीत तिला जागा किती? भांडण देवाशी नाही. भांडण साहित्याशी आहे. कोणतं दुखणं लिहिण्याजोगं, हे ठरवलं कुणी?

मराठीत शेताचं साहित्य ढिगानं पडलंय. पाऊस आहे, मातीचा वास आहे, बैलाचे डोळे आहेत. (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळतात. आमच्या मायचा खांदा कुणी मळल्याचं मला आठवत नाही.) ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह 1967 सालचा. अजिंठ्याच्या डोंगराकडचा, म्हणजे आमच्या शेजारचाच कवी, आणि स्वतः शेतात राबलेला. त्या शब्दांची ताकद नाकारायचा करंटेपणा मी करणार नाही. पण त्या रानातली बाई बहुतेक बहरलेलीच भेटते. दिवस मावळताना तिची कंबर धरली असेल, याचा पत्ता लागत नाही. आपलं रान असणाऱ्याला हिरवं दिसतं, रोजानं जाणारीला पात दिसते.

पात म्हणजे एकीच्या वाट्याला आलेल्या ओळी. उकिडवं बसायचं, एका हातात खुरपं, दुसऱ्यानं गवत धरायचं, बसल्या बसल्याच पुढं सरकायचं. सगळा भार गुडघ्यावर अन् कंबरेवर. उठून पाठ सरळ केली की पात मागं पडते, मग बांधावरून बोल बसतात. कापसाची वेचणी उभ्यानं, तीही अर्धं वाकून. कमरेची ओटी जड होत जाते. वाळल्या बोंडाच्या नख्या बोटात घुसतात. बोटाला चिंधी बांधली तर हात चालत नाही, आणि पैसा तर किलोवर. भोकरदनकडं मिरची तोडायला गेली की रात्रभर हाताची आग. लेकराला जवळ घ्यायची भीती. पावसाळ्यात पायाच्या बेचक्यात चिखल्या. हे सगळं आमच्या घरात रोजचं बोलणं होतं. पुस्तकात गेलो तेव्हा हे शब्दच भेटले नाहीत.

जालना बियाण्यांचं शहर. 1964 साली इथं महिको निघाली. संकरित कापसाचं बी होतं कसं, ते वाचकांनी एकदा प्लॉटवर जाऊन बघावं. दुपारून एकेक कळी नखानं सोलून पुंकेसर काढायचे, दुसऱ्या सकाळी नराचं फूल तिच्यावर फिरवायचं. सोनाराचं काम. पण 1977 च्या रोजगार हमी कायद्यापासून सरकारी कागदावर खेड्यातल्या अंगमेहनतीला एकच शब्द चिकटलाय : अकुशल.

दुसऱ्याकडं बोट दाखवणं सोपं आहे, म्हणून आता आपल्याकडं. 'बलुतं' (1978) आलं आणि पांढरपेशा मराठी हादरली. आपण भूक लिहिली, अपमान लिहिला, गावकुसाबाहेरचं जिणं लिहिलं. ते लिहायलाच पाहिजे होतं. पण आपलं आत्मकथन बहुतेक शिकून निघालेल्या पोराचं आहे. पोरगं वसतिगृहात गेलं, शहरात गेलं. माय पातीवर राहिली. ती आठवते ती थोर म्हणून, सोशीक म्हणून. तिच्या गुडघ्याचं पुढं काय झालं, ते पान फाटलेलं. अपवाद आहेत. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये उपाशी बाळंतीण लिहिली. आपल्या वर्तुळाबाहेर, आनंद यादवांच्या 'झोंबी'त (1987) मळ्यात पिचलेलं पोर आहे. पण एवढ्यानं भागतं का?

नवरा-बायको मिळून ऊसतोडीत 'एक कोयता' होतो. माणसाचं हत्यार झालं आणि मराठी भाषेला त्यात काही वावगं वाटलं नाही. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीच्या 82,309 बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड, हे तोडीवर सगळ्यांना ठाऊक. आपण कवी मात्र क्रांतीच्या गर्भाच्या प्रतिमा रचत बसलो होतो. मीही रचल्यात, दोन-तीन छापूनही आल्यात. आज वाचवत नाहीत.

मागल्या साली मायला जालन्याला दाखवलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे, आता वाकायचं नाही. माय म्हणाली, "वाकायचं नाही तं मंग खायाचं काय, बाबा?" राजूरच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं ती फिल्म पिशवीतून काढून उन्हाकडं धरली. बराच वेळ बघत राहिली, अन् मला विचारलं, "ह्याच्यात निंदणीचं कोणतं, अन् वेचणीचं कोणतं?"