बेने इस्राएलांचीं थडगीं व दफ्तरांतील नांवें

कै. हयीम सॅम्युएल केहिमकर यांनीं बेने इस्राएल समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहून १८९७ सालीं पुरा केला. तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें, ग्रंथकर्त्याच्या मरणानंतर. तेव्हांपासून कोंकणांतील यहुद्यांविषयीं लिहिणारानें व त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी जुळविणारानें याच ग्रंथापासून आरंभ करावा, असा परिपाठ पडला आहे. पूर्वज शोधण्याच्या कामीं या ग्रंथावर कोठपर्यंत भिस्त ठेवावी व कोठें ती सोडून दगडांकडे आणि दफ्तरांकडे वळावें, एवढाच प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

ग्रंथाचा गुण प्रथम सांगणें न्याय्य होईल. केहिमकर हे त्याच समाजांतले. १८७५ सालीं मुंबईस समाजाची शाळा काढणाऱ्यांपैकीं ते एक. लग्नाचे विधि, उपास, खाण्यापिण्याचे निर्बंध, तेलाच्या घाण्याचा धंदा व शनिवारीं घाणा बंद ठेवल्यामुळें पडलेलें ‘शनवार तेली’ हें नांव, या गोष्टी त्यांनीं आपल्या माणसांत राहून टिपल्या. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागनजीक नवगांवच्या किनाऱ्यास लागल्या आणि बुडालेल्यांना तेथेंच मूठमाती मिळाली, ही परंपरा त्यांनीं जतन केली. याबद्दल इतिहासभक्तांनीं त्यांचें ऋण मानलेंच पाहिजे.

परंतु परंपरा नोंदणें निराळें व तिला साल चिकटविणें निराळें. हें आगमन इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत झालें, असें केहिमकरांचें मत. त्यास मुख्य आधार असा कीं, त्या शतकांत सुरू झालेला हनुक्काचा सण या लोकांस ठाऊक नव्हता. अर्थात् तो सुरू होण्यापूर्वींच त्यांनीं स्वदेश सोडला असला पाहिजे. हें केवळ अभावावरून काढलेलें अनुमान आहे. ज्या समाजाजवळ धर्मग्रंथ उरले नव्हते, त्यानें एखादा सण विसरून जावा यांत नवल काय? नवगांवच्या जुन्या थडग्यांवर लेख नाहीं. तेव्हां तीं थडगीं परंपरेचें स्थान दाखवितात, काल दाखवीत नाहींत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानें या समाजांत पश्चिम आशियांतील यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश दाखविले. तथापि अमक्या घराण्याचा मूळपुरुष कोण, हें त्यावरून कळत नाहीं.

दुसरी अडचण नांवांची. दिवेकर, पेणकर, केहिमकर हीं आडनांवें दिवे आगर, पेण, किहीम या गांवांवरून आलीं हें उघड आहे. पण गांव हें कोणा एका जातीचें नसतें. शिवभारताचे संपादक स. म. दिवेकर आमच्या वाचकांस परिचित आहेत. आणि १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझेकिएल हेही दिवेकरच. शिवाय गांवांचीं नांवें पुन्हा पुन्हा येतात. आम्हीं हें पिंपरींत बसून लिहीत आहों; महाराष्ट्रांत पिंपऱ्या किती व चिंचोल्या किती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चिंचोळकर म्हणविणाऱ्याची चिंचोली कोणती, हें आडनांव सांगणार नाहीं.

व्यक्तिनामांत घोटाळा याहूनही अधिक. सॅम्युएल इझेकिएल यांस लोक सामाजी हसाजी म्हणत. त्याच रीतीनें अब्राहामचा आबाजी झाला व इसहाकचा इसाजी. आतां शिवकालांतील आबाजी सोनदेव कोणास ठाऊक नाहीं? म्हणून आंगऱ्यांच्या किंवा पेशव्यांच्या कागदांत ‘आबाजी दिवेकर’ असें सांपडतांच तो यहुदी मानून वंशावळींत बसविणें हें धाडस आहे. नांवाबरोबर ‘शनवार तेली’ असा जातीचा निर्देश, घाण्यावरील कराची नोंद, किंवा बापाचें निःसंशय हिब्रू नांव, यांपैकीं कांहीं तरी असलेंच पाहिजे. असें प्रमाण नसेल तेथें तो कागद बाजूस ठेवावा. फाडूं नये व वापरूंही नये.

येथें थडग्याचा उपयोग होतो. पुण्यास १८७४ सालीं वल्हांडणाची पोथी हिब्रू संहिता व मराठी भाषांतर यांसह छापली गेली. हीच भाषांची जोडी समाजाच्या थडग्यांवरही आढळते. एकाच माणसाचें धर्मांतलें व व्यवहारांतलें अशीं दोन्ही नांवें एका दगडावर मिळालीं, कीं दफ्तरांतील आबाजी कोण हें ठरविण्याची किल्ली हातीं येते. मात्र दगड वाचणारास कालगणना यावी लागते. हिब्रू अंक अक्षरांनीं लिहितात व पुष्कळदां हजार गाळतात. ६२५ म्हणजे ५६२५ समजावयाचें. त्यांतून ३७६० वजा केले कीं इसवी सन निघतो, असा सोपा नियम सांगतात. पण हिब्रू वर्ष शरदृतूंत पालटतें. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीस ३७६१ वजा केले पाहिजेत. शकांत ७८ मिळवावे कीं ७९, हा विवेक ज्यांस आहे त्यांस हें अवघड नाहीं. बगदादहून येऊन मुंबईस स्थायिक झालेले डेव्हिड ससून १८६४ च्या नोव्हेंबरांत पुण्यास वारले. लाल देवळाच्या आवारांत त्यांची समाधि आहे. हिब्रू गणनेनें तें वर्ष ५६२५. सोप्या नियमानें त्यांचें मरण १८६५ सालीं पडेल! ससून यांच्यासारख्या प्रसिद्ध पुरुषाची चूक लगेच ध्यानांत येते. एखाद्या शिपायाच्या थडग्याची चूक मात्र वंशावळींत कायमची राहून जाते.

दगडही सर्वस्वीं विश्वासार्ह नव्हे. तो मागाहून नवा बसविलेला असूं शकतो. वय अदमासानें कोरलेलें असतें. म्हणून त्यास मृत्यूची सरकारी नोंद, पलटणीची यादी व प्रार्थनामंदिराचें विवाहपुस्तक यांची जोड द्यावी, आणि माहीत असलेल्या पिढीकडून अज्ञाताकडे एकेक पायरी मागें जावें. सात जोडप्यांपासून खालीं उतरणारी वंशावळ ही भक्ति आहे, इतिहास नव्हे.

हा केवळ पंडितांचा वाद नाहीं. १९६२ सालीं इस्राएलच्या प्रधान धर्माधिकाऱ्यांनीं असें ठरविलें कीं, या समाजाच्या माणसाचा समाजाबाहेरील यहुद्याशीं विवाह लावण्यापूर्वीं त्याच्या आईच्या, आजीच्या व शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी व्हावी. मोठें आंदोलन होऊन १९६४ सालीं तेथील शासनानें हे लोक सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें. आमचे दगड व दफ्तरें बहुधा बापाचें नांव सांगतात. तेथें विचारणा झाली ती आईची! पुराव्याच्या अभावीं एका सबंध समाजास अपमान सोसावा लागतो, याहून दफ्तराचें महत्त्व काय सांगावें?

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. थडगीं मात्र येथेंच राहिलीं. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणींत आलेल्या सिंधी बांधवांस, वाडवडिलांच्या खुणा मागें टाकून येणें म्हणजे काय, हें विचारून पहावें. मराठी वाचणारा आज येथें आहे, हिब्रू वाचणारा विरळा होत चालला आहे. कोंकणांतील व पुण्यांतील या थडग्यांचे ठसे व छायाचित्रें, दोन्ही लिपींच्या नकलांसह, संग्राहकांनीं पावसानें अक्षरें झिजण्यापूर्वीं घ्यावींत. केहिमकरांनीं ऐकलेलें लिहून ठेविलें; कोरलेलें लिहून ठेवण्याचें काम आमच्याकडे आहे.